कमान की ढापा?

बालमित्रांनो, आज संध्याकाळी मैदानावरून नाहीतर क्लासहून घरी येताना एक काम करा. वाटेत दिव्याचे खांब किती लागतात, ते मोजा. त्यांतले किती दिवे लागलेले आहेत आणि किती बंद, तेही मोजा. गटारावरचा ढापा कुठे फुटलाय का, तेवढंही पाहून ठेवा. ढापा म्हणजे काय, ठाऊक आहे ना? गटार झाकायला टाकतात ती सिमेंटची जाड फरशी. आता घरी आल्यावर आईबाबांना विचारा, "बंद पडलेला दिवा कोण लावणार? फुटका ढापा कोण बदलणार?"

बहुतेक घरांत उत्तर येईल, "नगरपालिका!" बरोबर आहे. पण नगरपालिका म्हणजे कोण? ती पिवळी इमारत काही शिडी घेऊन तुमच्या गल्लीत येत नाही. कोणीतरी तिथं जाऊन सांगावं लागतं, कोणीतरी त्यासाठी भांडावं लागतं. हे काम ज्यांच्याकडे असतं, त्यांना म्हणतात नगरसेवक. निवडणुकीच्या दिवसांत त्यांचे फोटो तुम्ही चौकाचौकांत पाहिले असतील. पण निवडून आल्यावर ते नेमकं करतात काय? तेच आज सांगणार आहे. मी तालुक्याच्या गावी प्राथमिक शाळेत शिकवते. ही गोष्ट आमच्या शाळेच्या मागच्या बोळातली आहे.

पहिल्या बाकावरची जागा रिकामी

२०१७ सालचा नोव्हेंबर महिना. दिवाळीची सुट्टी संपली होती. फेब्रुवारीत शिष्यवृत्तीची परीक्षा, म्हणून पाचवीच्या मुलांचे मी शाळा सुटल्यावर जादा तास घेत होते. तास संपायला सव्वासहा होत. थंडीचे दिवस, सहालाच सूर्य मावळायचा.

वर्गात एक मुलगी होती. गणितात भलतीच हुशार. मी फळ्यावर उदाहरण लिहून खडू खाली ठेवीपर्यंत तिचं उत्तर तयार! एक दिवस ती जादा तासाला आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. विचारलं तर मान खाली घालून गप्प. शेवटी रविवारी मी तिच्या घरी गेले.

तिची आई म्हणाली, "बाई, पोरगी हुशार आहे, हे मला काय कळत नाही? पण त्या बोळात दिवा नाही. गटार उघडं. कोपऱ्यावर टवाळ पोरं बसलेली. मी कामावरून सातला येते, तिचे बाबा त्याच्याही नंतर. तिला आणायला कोण जाणार? काही झालं तर ती परीक्षा काय कामाची?"

मला उत्तर देता येईना. बोळ सोडून दुसरी वाट होती, पण ती मोठ्या रस्त्यानं, उसाच्या गाड्या आणि ट्रकांच्या मधून. आणि आईची काळजी खोटी नव्हती. त्याच पावसाळ्यात पहिलीतल्या एका मुलाचा पाय त्या गटारात गेला होता. रस्त्यावर गुडघाभर पाणी, त्यामुळे रस्ता कुठे संपला आणि गटार कुठे सुरू झालं, ते त्याला दिसलंच नाही. आजीनं दप्तर धरून ओढलं म्हणून वाचला. त्याची एक चप्पल मात्र गेली ती गेलीच.

विचार करा मुलांनो, एक दिवा नाही, म्हणून एका मुलीचं गणित थांबलं होतं!

"अंधार आहे, असं लिहू नका"

मी आधी एका कार्यालयात गेले. ते म्हणाले, "हे आमच्याकडे नाही, त्यांच्याकडे जा." मग "त्यांच्याकडे" गेले. ते म्हणाले, "हे आमच्याकडे नाही." असे दोन हेलपाटे झाल्यावर शाळेतल्या शिपाईमामांनी सुचवलं, "बाई, नगरसेविका ताईंना भेटा की!"

आमच्या प्रभागातून दोन जण निवडून आले होते, त्यांतल्या एक या ताई. पहिल्यांदाच निवडून आलेल्या. घरी शिवणकाम करायच्या. जागा महिलांसाठी राखीव होती म्हणून उभ्या राहिल्या. महाराष्ट्रात २०११ सालापासून नगरपालिका आणि महापालिकांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, बरं का! सुरुवातीला लोक काम घेऊन ताईंच्या यजमानांना फोन करायचे. ताई शांतपणे यजमानांना म्हणायच्या, "फोन इकडे द्या. सभेत मी बसते."

मी वर्गातल्या पाच मुलांना घेऊन त्यांच्याकडे गेले. सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "बाई, तोंडी सांगितलेलं वाऱ्यावर जातं. अर्ज द्या. आणि अर्जात नुसतं 'बोळात अंधार आहे' असं लिहू नका. कुठला खांब, किती दिवसांपासून बंद, तिथून कोण जातं-येतं, ते सगळं लिहा. मग मला सभेत बोलता येईल."

आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला ताई स्वतः हातात विजेरी घेऊन शाळेच्या मागच्या दाराशी हजर!

मग आमची वरात निघाली. पुढे ताई, मागे वही-पेन्सिल घेतलेली मुलं, त्यांच्या मागे मी. मोजणी झाली ती अशी. बोळात खांब ११. दिवे लागलेले ५, तेही सगळे बोळाच्या तोंडाशी. बंद ४. आणि दोन खांबांवर दिवाच नाही, नुसता दांडा! गटारावर ढापे हवेत १७. त्यांतले ६ गायब, २ फुटके. प्रत्येक खांबावर रंगानं क्रमांक लिहिलेला असतो, हे मुलांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. खरं सांगू? मलाही तेव्हाच कळलं.

एका मुलानं विचारलं, "ताई, इथून किती माणसं जातात, तेही मोजायचं का?" ताई म्हणाल्या, "वा! हे तर मलाही सुचलं नव्हतं." मग मुलं एका संध्याकाळी बोळाच्या तोंडाशी बसून मोजत राहिली. सहा ते सात या एका तासात ६३ जण गेले. त्यांत २७ बायका आणि मुली. आमचा त्या आठवड्याचा गणिताचा तास त्या आकड्यांवरच झाला.

अर्ज तयार झाला. मुलांच्या अक्षरात तक्ता, खाली मुख्याध्यापकांची सही. नगरपालिकेच्या आवक विभागात तो दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतला. याला म्हणतात "पोच". अर्ज कधी मिळाला, त्याचा क्रमांक काय, याचा तो पुरावा. पोच नसेल, तर "तुमचा अर्ज आलाच नाही" असं कोणीही म्हणू शकतं!

सभेतला तो दिवस

नगरपालिकेच्या मोठ्या सभेला सर्वसाधारण सभा म्हणतात. तिथं नगराध्यक्ष, सगळे नगरसेवक आणि मुख्याधिकारी असतात. कोणते विषय घ्यायचे, त्याची विषयपत्रिका आधीच सगळ्यांना मिळते. नगरसेवक चर्चा करतात, ठराव मंजूर होतो, आणि मग मुख्याधिकारी आणि त्यांचे कर्मचारी तो अमलात आणतात. म्हणजे नगरसेवक स्वतः शिडीवर चढून दिवा लावत नाहीत, किंवा एकट्याच्या हुकमानं पैसेही खर्च करू शकत नाहीत. त्यांना सभेत पटवावं लागतं.

मी अर्ध्या दिवसाची रजा काढून प्रेक्षकांच्या बाकावर बसले होते. आमच्या प्रभागाचे दोन विषय होते. एक, प्रभागाच्या तोंडाशी स्वागत कमान बांधणे. दुसरा, बोळातले दिवे आणि ढापे. पैसे मात्र एकाच कामापुरते. कमान सगळ्यांना दिसते, तिच्यावर नावं कोरली जातात, उद्घाटनाला फीत कापली जाते. ढाप्याचं उद्घाटन कधी पाहिलंय का तुम्ही?

प्रभागातल्या बऱ्याच मंडळींना कमान हवी होती. प्रभागाचे दुसरे नगरसेवकही कमानीच्या बाजूनं बोलले. मग ताई उठल्या. हात जरा थरथरत होता, कागदाचा आवाज मला मागे ऐकू येत होता. त्यांनी मुलांचा तक्ता वाचून दाखवला. खांबांचे क्रमांक, ढाप्यांची संख्या, ६३ माणसं. आणि म्हणाल्या, "कमानीखालून जाणारी पोरं आधी गटारापासून वाचली पाहिजेत."

सभागृह गप्प झालं. तीनच महिन्यांपूर्वीची बातमी सगळ्यांना आठवत होती. २९ ऑगस्ट २०१७ ला मुंबईत प्रचंड पाऊस झाला. त्या दिवशी एक नामवंत डॉक्टर पाण्यातून चालत घरी निघाले होते. पाण्याखालचं उघडं मॅनहोल त्यांना दिसलं नाही आणि त्यात पडून त्यांचा मृत्यू झाला. एवढ्या मोठ्या शहरात, एवढ्या मोठ्या माणसाचा जीव एका उघड्या झाकणापायी गेला.

तुम्हाला वाटेल, लगेच टाळ्या पडल्या आणि ठराव मंजूर झाला. छे! विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला. बाहेर आल्यावर एक-दोघं ताईंना म्हणाले, "कमान झाली असती तर तुमचंही नाव लागलं असतं." ताई काही बोलल्या नाहीत. पण पुढच्या सभेपर्यंत दुसऱ्या प्रभागांतले दोन नगरसेवक त्यांच्या बाजूनं उभे राहिले. "आमच्याकडेही हीच गत आहे," म्हणाले. दिवे आणि ढापे मंजूर झाले. कमान मागे पडली.

एकच विरोधी मत

ताई त्या दिवशी सभेत एकट्या बोलत होत्या, तेव्हा मला इतिहासाच्या पुस्तकातला एक माणूस आठवला. महात्मा जोतीराव फुले. त्यांनी मुलींसाठी शाळा काढली, हे तुम्हाला पाठच आहे. पण ते पुणे नगरपालिकेचे सभासदही होते, हे ठाऊक आहे का? १८७६ साली सरकारनं त्यांची नेमणूक केली होती. तेव्हा आजच्यासारखं सगळ्यांना मत नव्हतं.

एकदा व्हाइसरॉयसाहेब पुण्याला येणार, म्हणून त्यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करायचं ठरत होतं. त्या काळचे हजार रुपये म्हणजे केवढी रक्कम! जोतीराव म्हणाले, हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा. मतदान झालं. विरोधात मत पडलं एकच, जोतीरावांचं. शहरात दारूची दुकानं वाढू लागली, तेव्हाही त्यांनी १८८० साली पत्र लिहून विरोध केला. दारूनं घरंच्या घरं उद्ध्वस्त होतात, हे ते रोज पाहत होते.

पुढे पुण्यात भाजीबाजारासाठी भलीमोठी इमारत बांधायचं ठरलं. त्या खर्चालाही जोतीरावांचा विरोध होता. आधी शिक्षण, मग इमारत, असं त्यांचं म्हणणं. पण इमारत झालीच. १८८६ साली ती उभी राहिली आणि तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव दिलं गेलं. आता गंमत पाहा. आज त्या इमारतीला काय म्हणतात? महात्मा फुले मंडई! ज्यानं विरोध केला, त्याचंच नाव पुणेकरांनी तिला दिलं.

मंडई वाईट होती का? मुळीच नाही, आजही तिथं भाजी मिळते. कमानही वाईट नसते. पण नगरपालिकेच्या तिजोरीत पैसा मोजका असतो. तो येतो तुमच्या घरच्या घरपट्टीतून, पाणीपट्टीतून आणि सरकारी अनुदानातून. त्यातून आधी काय आणि मग काय, हे ठरवणं, हेच नगरसेवकाचं सगळ्यात अवघड काम आहे.

कोणतं काम कोणाचं?

आता थोडा अभ्यास. घाबरू नका, परीक्षा नाही! १ जून १९९३ पासून आपल्या राज्यघटनेतली ७४वी दुरुस्ती लागू झाली. शहरांचा कारभार लोकांनी निवडून दिलेल्या माणसांनी चालवावा आणि दर पाच वर्षांनी निवडणूक व्हावी, हे त्यात पक्कं झालं. घटनेला बारावी अनुसूची जोडली गेली. तिच्यात शहरांनी पाहायची १८ कामं दिली आहेत. रस्ते, पाणी, स्वच्छता, अग्निशमन दल, बागा आणि खेळाची मैदानं, रस्त्यावरचे दिवे, बसथांबे, सार्वजनिक स्वच्छतागृहं, जन्ममृत्यूची नोंद. म्हणजे तुमच्या जन्माचा दाखलासुद्धा तिथूनच आला!

पण सगळंच नगरपालिकेच्या हातात नसतं. पोलीस राज्य सरकारचे असतात. त्यामुळे कोपऱ्यावरच्या टवाळ पोरांसाठी ताईंनी पोलीस ठाण्यात वेगळं पत्र दिलं आणि संध्याकाळची गस्त बोळातून जाऊ लागली. शाळेसमोरचा मोठा रस्ता राज्य महामार्ग. तिथं गतिरोधक टाकायला नगरपालिकेला परस्पर परवानगी नाही. ताईंनी त्यासाठीही पत्र दिलं. वर्षभरानं तिथं पांढरे पट्टे आले. गतिरोधक मात्र अजून नाही. नगरसेवकाला सगळं जमतं, असं समजू नका. पण कोणत्या दारावर टकटक करायची, हे त्याला ठाऊक असावं लागतं.

दिवा लागला, पुढे?

जानेवारीत दिवे लागले. त्या संध्याकाळी आम्ही सगळे मुद्दाम बोळातून गेलो. मुलांनी पुन्हा मोजले. अकरा! आमची गणिताची हुशार मुलगी जादा तासाला परत आली. तिला शिष्यवृत्ती मिळाली का? नाही. थोड्या गुणांनी हुकली. दीड महिन्याचा अभ्यास बुडाला होता ना! ते मला आजही लागतं.

ढापे जूनच्या आधी बसले. दोन ठिकाणी लोखंडी जाळी टाकली होती, ती भंगारात विकायला कोणीतरी चोरून नेली. मग तिथंही सिमेंटचे ढापे आले. आपल्याच गल्लीतली वस्तू आपणच जपायची असते, नाही का?

पुढे नगरसेवकांची मुदत संपली आणि निवडणुका लांबल्या. राज्यातल्या पुष्कळ शहरांत काही वर्षं नगरसेवकच नव्हते. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, तिथं मतदान झालं ते १५ जानेवारी २०२६ ला. तोवर सरकारनं नेमलेले प्रशासक कारभार पाहत होते. कचरा उचलला जायचा, पाणीही यायचं. पण आमच्या बोळातले तीन दिवे पुन्हा बंद पडले, तेव्हा मला जाणवलं, अर्ज द्यायला जागा आहे, पण सभेत उभं राहून तो वाचणारं कोणी नाही. ताई म्हणायच्या, "बाई, आता मीही तुमच्यासारखीच रांगेत."

अखेर डिसेंबर २०२५ मध्ये आमच्याकडे नगरपालिकेची निवडणूक झाली. प्रभागाचं आरक्षण बदलल्यामुळे ताई उभ्या राहिल्या नाहीत. त्यांच्या शिलाई मशीनजवळ एक जुनी फाइल असते, लोक अजूनही अर्ज लिहून घ्यायला येतात. मतदानाच्या दिवशी मी केंद्रावर रांगेत होते. मागून कोणीतरी हाक मारली, "बाई!" वळून पाहिलं, तर तीच मुलगी. अठरा पूर्ण झालेली, आता कॉलेजात. बोटावरची शाई दाखवत म्हणाली, "बाई, मत द्यायच्या आधी मी दोघांना विचारलं, आमच्या बोळात खांब किती आहेत?"

"मग? काय म्हणाले?"

"एकाला माहीत नव्हतं. दुसऱ्यालाही नव्हतं. पण दुसरा संध्याकाळी मोजायला आला."

आता तुमची पाळी

मत द्यायला अठरा वर्षं पूर्ण असावी लागतात आणि नगरसेवक व्हायला एकवीस. पण मोजायला आणि लिहायला वयाची अट नाही. तर एवढं करून पाहा.

१. तुमच्या प्रभागाचा क्रमांक आणि नगरसेवकांची नावं शोधून वहीत लिहा. खेड्यात राहत असाल, तर ग्रामपंचायत सदस्यांची.
२. मोठ्या माणसाला बरोबर घेऊन शाळेच्या वाटेवरचे बंद दिवे आणि फुटके ढापे मोजा. गटाराच्या फार जवळ जाऊ नका, हं!
३. खांबाचा क्रमांक, ठिकाण, तारीख असा तक्ता करा. त्याचा अर्ज करा, पालकांची किंवा शिक्षकांची सही घ्या.
४. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.
५. महिन्यानं पुन्हा मोजा. काम झालं असेल, तर आभाराचं पत्रही लिहा. ते फार कमी लोक लिहितात.

आणि हे क्रमांक पाठ करून ठेवा. कोणत्याही संकटात ११२, आग लागली तर १०१, रुग्णवाहिकेसाठी १०८, आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८.

पालकहो, तुम्हालाही एक विनंती. मुलं तक्ता घेऊन तुमच्याकडे आली, तर "आपल्याला काय करायचंय?" असं म्हणू नका. अर्ध्या तासासाठी पायांत चपला घाला आणि त्यांच्याबरोबर गल्लीत चला. तुमच्या वाटेवर किती दिवे बंद निघाले, ते मला जरूर कळवा. आमच्या बोळात सध्या अकरापैकी नऊ लागतात. उरलेल्या दोघांचा अर्ज यंदाच्या पाचवीनं दिला आहे. पोच वर्गाच्या भिंतीवर लावली आहे.